वेळापत्रक आणि माणूस

२७ मार्च २०२० च्या सायंकाळी पोप फ्रान्सिस रोममधील सेंट पीटर्सच्या रिकाम्या प्रांगणात, भर पावसात उभे राहिले आणि त्यांनी जगाला आशीर्वाद दिला. ते दृश्य आमच्या अनेक वाचकांनी दूरचित्रवाणीवर पाहिले असेल. त्याच महिन्यात रोमच्या उपासनाविषयक कार्यालयाने एक आदेश काढला होता. त्याची चर्चा मात्र फारशी झाली नाही. पुनरुत्थानाचा सण हा इतर सणांसारखा एक सण नव्हे, तो सर्व उपासना-वर्षाचा गाभा आहे, म्हणून तो पुढे ढकलता येणार नाही. पवित्र तेलाच्या मिस्साची तारीख मात्र बदलता येईल, असा त्या आदेशाचा आशय होता. पुढे एप्रिल महिन्यात लिस्बनचा जागतिक युवा मेळावा २०२२ वरून २०२३ वर नेण्यात आला. बुडापेस्टची आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेस, जी १९६४ साली मुंबईत भरल्याचे आमच्या ज्येष्ठ वाचकांना स्मरत असेल, तीही २०२० वरून २०२१ वर गेली.

या निर्णयांच्या मागे एक विवेक आहे. संकट आले की काय हलवता येते आणि काय हलवता येत नाही, हे आधी ठरवावे लागते. ते एकदा ठरले की तारखा, सोहळे आणि प्रवास त्याभोवती फिरवता येतात. ते ठरलेच नाही तर उलट घडते. तारखा अचल राहतात आणि माणसांना त्यांच्याभोवती फिरावे लागते.

हा विवेक आम्ही या लेखात एका अनपेक्षित ठिकाणी, अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलच्या मैदानावर, पडताळून पाहणार आहोत. विषय दूरचा वाटेल. परंतु त्या मैदानावरील काही नामवंत संघ कॅथलिक विद्यापीठांचे आहेत, आणि महामारीत खेळावे की नाही, खेळावे तर केव्हा आणि कोणाच्या हितासाठी, हा प्रश्न त्यांच्यापुढे एका शतकाच्या अंतराने दोनदा उभा राहिला. दोन्ही वेळच्या उत्तरांत आम्हांला शिकण्यासारखे पुष्कळ आढळते.

हा खेळ आणि ही विद्यापीठे

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपल्या चर्चच्या मैदानावर मुले खेळतात तो फुटबॉल नव्हे. चेंडू लंबगोल असतो आणि तो बहुधा हातांत धरूनच धावायचे असते. दोन्ही बाजूंचे अकरा-अकरा खेळाडू शिरस्त्राण आणि जाड कवच चढवून एकमेकांवर आदळतात. अंगाला अंग भिडल्यावाचून हा खेळ होतच नाही. श्वासावाटे पसरणाऱ्या रोगाच्या काळात याहून अडचणीचा खेळ शोधूनही सापडणे कठीण. त्याचा हंगाम सप्टेंबरात सुरू होऊन डिसेंबरात संपतो, सामने बहुधा शनिवारी होतात, आणि निवडक संघांचे मानाचे सामने नववर्षाच्या सुमारास होतात.

या खेळाभोवती पैसाही मोठा आहे. काही विद्यापीठांच्या मैदानांत एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात आणि दूरचित्रवाणीच्या करारांतून कोट्यवधी डॉलर येतात. खेळाडू मात्र विद्यार्थी. २०२० साली त्याला शिष्यवृत्ती, निवास आणि भोजन मिळे, मोबदला मिळत नसे. स्वतःच्या नावावर जाहिरातीतून कमाई करण्याची मुभा त्याला २०२१ च्या जुलैत मिळाली, आणि उत्पन्नाचा थेट वाटा देण्याची मोकळीक विद्यापीठांना २०२५ साली. म्हणजे आम्ही ज्या वर्षाविषयी लिहीत आहोत त्या वर्षी मैदानावरचा धोका एकाचा होता आणि तिजोरी दुसऱ्याची.

कॅथलिक विद्यापीठांपैकी या खेळात सर्वांत मोठे नाव नोटर डेमचे. इंडियाना राज्यात साउथ बेंड येथे होली क्रॉस संघाच्या फादर एडवर्ड सोरिन यांनी १८४२ साली ते स्थापन केले. नावाचा अर्थ 'आमची माता'. तेथे १८८७ पासून फुटबॉल खेळला जातो. आयर्लंड, इटली, पोलंडमधून आलेल्या, कारखान्यांत आणि खाणींत राबणाऱ्या कॅथलिक कुटुंबांकडे त्या काळचा प्रॉटेस्टंट समाज संशयाने पाही. नोटर डेमचा संघ जिंकला की त्या कुटुंबांना आपणच जिंकलो असे वाटे. या संघाचे यश हा केवळ खेळाचा विषय कधीच नव्हता.

१९१८: कोरा ऑक्टोबर

१९१८ साली महायुद्धाच्या अखेरीस इन्फ्लुएन्झाची साथ जगभर पसरली. आमच्या मुंबईत ती जूनमध्येच बंदरातून आत शिरली होती, आणि शरद ऋतूतील दुसऱ्या, अधिक घातक लाटेसह तिने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक बळी घेतले असा संशोधकांचा अंदाज आहे. अमेरिकेत सुमारे ६,७५,००० माणसे दगावली. या साथीचे वैशिष्ट्य असे की वृद्ध आणि बालकांबरोबरच वीस ते चाळीस वयाच्या धडधाकट तरुणांना तिने मोठ्या संख्येने गाठले. बराकीत राहणारा सैनिक आणि वसतिगृहात राहणारा विद्यार्थी हे तिचे सोपे लक्ष्य होते.

२८ सप्टेंबर १९१८, शनिवार. फिलाडेल्फिया शहरात युद्धकर्जाच्या प्रचारासाठी निघालेल्या मिरवणुकीला सुमारे दोन लाख लोक लोटले. तीनच दिवसांत तेथील रुग्णालये भरून गेली. त्याच शनिवारी नोटर डेमच्या संघाने ओहायोतील केस संस्थेच्या संघाचा २६–६ असा पराभव केला. तीस वर्षांच्या नूट रॉकनी यांचा मुख्य मार्गदर्शक म्हणून तो पहिलाच सामना. पुढे त्यांच्या नावाभोवती दंतकथा उभ्या राहिल्या. परंतु या पहिल्या विजयानंतर त्यांच्या वेळापत्रकातून एक संपूर्ण महिना पुसला गेला. पुढचा सामना २ नोव्हेंबरला झाला. ऑक्टोबर कोराच राहिला.

तो कोणी पुसला? एका बाजूला सार्वजनिक आरोग्याचे अधिकारी होते. त्यांनी गावोगाव सभा, नाटकगृहे, शाळा आणि उपासना बंद केल्या होत्या. दुसऱ्या बाजूला लष्कर होते. १ ऑक्टोबर १९१८ रोजी पाचशेहून अधिक महाविद्यालयांतील सुमारे १,४०,००० विद्यार्थ्यांना 'विद्यार्थी सैनिक प्रशिक्षण दला'त दाखल करून घेण्यात आले. त्या दिवसापासून विद्यार्थ्याचा दिवस बिगुलावर सुरू होऊ लागला. सरावाला किती वेळ द्यावा, संघाने किती लांबचा प्रवास करावा, हे युद्ध खाते ठरवू लागले. फुटबॉलला लष्कराचा विरोध नव्हता, उलट सैनिक घडवण्यासाठी तो उपयुक्त मानला जाई. विद्यार्थ्याचे शरीर आता राष्ट्राचे होते. ते केव्हा झिजवावे आणि केव्हा राखावे, हे राष्ट्र ठरवणार होते.

नोव्हेंबरात मैदाने हळूहळू उघडली. ९ नोव्हेंबरला नोटर डेमचा सामना इलिनॉयमधील ग्रेट लेक्स नौदल केंद्राच्या संघाशी झाला आणि ७–७ असा बरोबरीत सुटला. दोनच महिन्यांपूर्वी त्या नौदल केंद्रात साथीने हजारो जवान आजारी पडले होते. सामन्यानंतर दोन दिवसांनी युद्ध थांबले. २८ नोव्हेंबरला नेब्रास्काशी झालेल्या शून्य–शून्य बरोबरीने नोटर डेमचा हंगाम संपला. सहा सामने, तीन विजय, एक पराभव, दोन बरोबरी. पिट्सबर्गचा बलाढ्य संघ तर ९ नोव्हेंबरपर्यंत मैदानात उतरूच शकला नव्हता. मिशिगन आणि ओहायो स्टेट यांची गाठ ३० नोव्हेंबरला पडली. मिशिगन १४–० ने जिंकले. ही शेवटची नोंद वाचकांनी लक्षात ठेवावी, तिचा धागा पुढे लागणार आहे.

जॉर्जिया टेकच्या मैदानावरील त्या वर्षीचे एक छायाचित्र उपलब्ध आहे. गॅलरीत बसलेल्या प्रेक्षकांच्या नाकातोंडावर पट्ट्या आहेत. शंभर वर्षांनंतर ते छायाचित्र पुन्हा जगभर फिरले. १९१८ च्या डॉक्टरांना रोगाचे कारणही ठाऊक नव्हते. माणसातील इन्फ्लुएन्झाचा विषाणू १९३३ साली ओळखला गेला. चाचणी नाही, लस नाही, प्रतिजैविक नाही. त्यांच्याजवळ एकच उपाय होता, आणि तो म्हणजे थांबणे. तो त्यांनी काही आठवडे केला. पण थांबावे की खेळावे हे ठरवताना खेळाडूला कोणी विचारल्याचे आम्हांला त्या इतिहासात आढळत नाही.

आजारी मुलगा आणि दंतकथा

१९१८ च्याच संघात जॉर्ज गिप नावाचा मिशिगनच्या तांब्याच्या खाणींच्या मुलखातून आलेला तरुण होता. दोन वर्षांत तो देशातील अव्वल खेळाडूंत गणला जाऊ लागला. नोव्हेंबर १९२० मध्ये त्याचा खांदा दुखावला होता आणि घसा धरला होता. २० नोव्हेंबरला नॉर्थवेस्टर्नविरुद्धच्या सामन्यात, कडाक्याच्या थंडीत, प्रेक्षक त्याच्या नावाचा घोष करू लागले तेव्हा अखेरच्या टप्प्यात त्याला मैदानात उतरवण्यात आले. त्यानंतर तो रुग्णालयात गेला, तो परत आला नाही. घशाचा संसर्ग आणि न्यूमोनिया यांनी १४ डिसेंबर १९२० रोजी त्याचा अंत झाला. वय अवघे २५. मृत्युशय्येवर त्याने कॅथलिक श्रद्धा स्वीकारली असे विद्यापीठाच्या परंपरेत सांगितले जाते.

पुढे १९२८ साली आर्मीविरुद्धच्या सामन्यात रॉकनी यांनी खेळाडूंना गिपची शेवटची इच्छा म्हणून काही शब्द ऐकवले, आणि संघ १२–६ ने जिंकला. १९४० साली त्यावर चित्रपट निघाला. गिपची भूमिका करणारे नट रोनाल्ड रेगन पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. दंतकथा अमर झाली. तिच्यात निष्ठा आहे, मैत्री आहे, अश्रू आहेत. आजारी मुलाला त्या थंडीत मैदानात का उतरवले, हा प्रश्न मात्र तिच्यात कोठेच नाही. या दंतकथेने एका तरुणाचा मृत्यूही पुढच्या सामन्याच्या कामी लावला. रॉकनी यांचा थोरपणा आम्ही नाकारत नाही. १९२५ साली त्यांनीही कॅथलिक श्रद्धा स्वीकारली, आणि १९३१ साली विमान अपघातात त्यांचा अंत झाला तेव्हा सारा देश हळहळला. पण त्या काळाच्या डोळ्यांना जे दिसले नाही ते आम्ही पाहिले पाहिजे.

२०२०: कोणी ठरवायचे?

शंभर वर्षांनंतर साथ आली तेव्हा विद्या पुष्कळ वाढली होती. १२ मार्च २०२० रोजी राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा आणि वसंत ऋतूतील सर्व राष्ट्रीय अजिंक्यपदे रद्द केली. फुटबॉलला अजून पाच महिने होते. विचाराला वेळ होता.

त्या उन्हाळ्यात वेळापत्रकाचे चार मार्ग पुढे आले. पहिला, खेळूच नये: हार्वर्ड, येल आदींच्या आयव्ही लीगने ८ जुलैला शरद ऋतूतील खेळ थांबवले, आणि फुटबॉल त्यांनी त्या शैक्षणिक वर्षात खेळलाच नाही. दुसरा, हंगाम वसंतात न्यावा: येशूसंघीयांचे होली क्रॉस महाविद्यालय ज्या पॅट्रियट लीगमध्ये आहे तिने १३ जुलैला शरद हंगाम सोडला आणि २०२१ च्या वसंतात छोटा हंगाम खेळला. तिसरा, हंगाम उशिरा सुरू करावा, सामने कमी करावेत, आपल्याच विभागीय संघांशी खेळावे म्हणजे चाचणीचे नियम दोन्ही बाजूंना सारखे राहतील, आणि मध्ये मोकळे शनिवार ठेवावेत. चौथा मार्ग दोलायमान होता: आधी थांबायचे आणि मग घाईने परत यायचे.

हा चौथा मार्ग बिग टेन या मिडवेस्टमधील बलाढ्य संघटनेने चोखाळला. ११ ऑगस्टला तिने हंगाम पुढे ढकलला. विद्यापीठांच्या अध्यक्षांचे मत ११ विरुद्ध ३ असे पडले होते. पॅसिफिक किनाऱ्यावरील पॅक-१२ नेही त्याच दिवशी तसेच केले. दक्षिणेकडील संघटनांनी मात्र खेळण्याचे ठरवले. मग दडपण वाढले. पालकांनी निदर्शने केली, नेब्रास्काच्या आठ खेळाडूंनी न्यायालयात धाव घेतली, राजकारणीही उतरले. १६ सप्टेंबरला बिग टेनने निर्णय फिरवला. रोज चाचणी, बाधित खेळाडूची हृदयतपासणी, आणि लागण झाल्यापासून २१ दिवस सामना नाही, असे कडक नियम तिने केले. हे नियम चांगलेच होते; पण हंगाम ऑक्टोबरच्या चौथ्या आठवड्यात सुरू झाल्यामुळे मोकळा शनिवार एकही उरला नव्हता. एखाद्या संघात लागण झाली की सामना पुढे जात नसे, रद्दच होई. आणि वर सांगितलेला धागा येथे तुटला. १९१८ च्या साथीतही जी गाठ पडली होती, आणि नंतर १९१९ पासून २०१९ पर्यंत जी कधी चुकली नाही, ती मिशिगन–ओहायो स्टेट लढत २०२० साली झाली नाही.

या साऱ्यात १९१८ पेक्षा एक गोष्ट निराळी घडली. खेळाडू बोलले. २ ऑगस्टला पॅक-१२ च्या खेळाडूंनी आपल्या मागण्या जाहीर केल्या. त्यांत आरोग्याचे संरक्षण होते, वांशिक न्याय होता आणि उत्पन्नाचा वाटाही होता. आठवडाभराने दुसरा आवाज उठला, आणि तो 'आम्हांला खेळायचे आहे' असा होता. आम्ही या दुसऱ्या आवाजाला हलके लेखत नाही. गरीब घरातून आलेल्या अनेक मुलांसाठी महाविद्यालयाचे आवार हीच अधिक सुरक्षित जागा होती. तेथे डॉक्टर होते, वेळेवर जेवण होते, शिस्त होती. हंगाम बंद करणे म्हणजे त्यांचे कल्याण, असे सरसकट म्हणता येत नाही. लक्षात घेण्याजोगे हे की दोन्ही आवाजांची मागणी एकाच ठिकाणी मिळत होती. ज्याच्या शरीराचा प्रश्न आहे त्याला विचारा, ही ती मागणी.

तिचा काही अंश पदरात पडला. ऑगस्टमध्ये राष्ट्रीय संघटनेने तीन गोष्टी मान्य केल्या. साथीच्या भीतीने जो खेळाडू खेळणार नाही त्याची शिष्यवृत्ती कायम राहील. खेळण्यासाठी त्याच्याकडून 'काही झाल्यास जबाबदारी माझी' असे लिहून घेता येणार नाही. आणि हे वर्ष त्याच्या खेळण्याच्या मुदतीत धरले जाणार नाही. आमच्या मते त्या वर्षीची खरी कमाई कोणत्याही चषकात नसून या तीन कलमांत आहे. पहिल्या दोन कलमांनी 'नाही' म्हणण्याची मोकळीक दिली. तिसऱ्याने घाईचे कारणच काढून टाकले.

नोटर डेमचा शरद ऋतू

नोटर डेमचे त्या वेळचे अध्यक्ष फादर जॉन जेन्किन्स यांनी मे महिन्यातच एका मोठ्या वृत्तपत्रात लेख लिहून विद्यापीठ उघडण्याचे समर्थन केले होते. किती धोका पत्करावा हे केवळ विज्ञान सांगू शकत नाही, तो नीतीचा प्रश्न आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. मुद्दा विचारार्ह होता. १० ऑगस्टला वर्ग सुरू झाले. १८ ऑगस्टपर्यंत १४७ जण बाधित निघाले आणि दोन आठवड्यांसाठी वर्ग दूरस्थ करावे लागले.

फुटबॉलच्या वेळापत्रकात याहून मोठी उलथापालथ झाली. नेव्हीविरुद्धचा सामना डब्लिनमध्ये व्हायचा होता. तो आधी अमेरिकेत आणला गेला, मग रद्द झाला. १९२७ पासून दरवर्षी चाललेली ती मालिका खंडित झाली. आपले स्वातंत्र्य प्राणपणाने जपणारा हा संघ इतिहासात प्रथमच एका विभागीय संघटनेत, अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये, एका हंगामापुरता सामील झाला. येथे अभिमान हलला आणि तो हलला हे योग्यच झाले.

१९ सप्टेंबरला साउथ फ्लोरिडाविरुद्ध ५२–० असा विजय मिळाला. तीन दिवसांनी सात खेळाडू बाधित निघाल्यामुळे वेक फॉरेस्टविरुद्धचा पुढचा सामना ढकलावा लागला. लागण पसरली कशी, हे प्रशिक्षक ब्रायन केली यांनी पुढे सांगितले. तोवर संघाने एकदाही एकत्र बसून जेवण केले नव्हते. त्या सामन्यापूर्वी ते एकत्र जेवले, आणि तेथून रोग पसरला. हा तपशील वाचून आम्ही थबकलो. एका मेजाभोवती बसणे ही आपल्या श्रद्धेची मूळ खूण. त्या वर्षी तीच धोक्याची जागा झाली होती. रविवारी चर्चचे बंद दार पाहून ज्यांच्या मनात कालवाकालव झाली त्यांना या खेळाडूंचे एकेकट्याने, दूरदूर बसून जेवणे समजू शकेल.

सप्टेंबरच्या अखेरीस फादर जेन्किन्स स्वतः वॉशिंग्टनमधील एका समारंभात मुखपट्टीविना दिसले. विद्यापीठातील एका प्राध्यापिकेची सर्वोच्च न्यायालयासाठी निवड जाहीर होण्याचा तो प्रसंग होता. त्यांनी जाहीर क्षमा मागितली. २ ऑक्टोबरला त्यांनाही लागण झाल्याचे कळले. विद्यार्थ्यांचा रोष मोठा होता, कारण नियम त्यांनी पाळायचे होते. आम्ही त्यांच्याकडे दगड घेऊन पाहत नाही. पण ज्याने नियम घालून दिला त्याच्या वागण्यावर नियमाचे बळ टिकते, हा धडा प्रत्येक पॅरिशला आणि संस्थेला ठाऊक असलेलाच आहे.

७ नोव्हेंबरच्या रात्री क्रमवारीत अग्रस्थानी असलेल्या क्लेमसनवर नोटर डेमने दोन जादा डावांनंतर ४७–४० असा विजय मिळवला. क्लेमसनचा प्रमुख खेळाडू लागण झाल्यामुळे बाहेर होता. सुमारे अकरा हजार प्रेक्षकांनाच प्रवेश होता. पण विजयाच्या क्षणी विद्यार्थ्यांचा लोंढा मैदानात उतरला. खेळाडूंना महिनोन्‌महिने एकमेकांपासून दूर ठेवण्याची खटपट त्या काही मिनिटांत निष्फळ होण्याची वेळ आली. विद्यापीठाने मग सुटीवर जाण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याला चाचणी सक्तीची केली. ढकललेला वेक फॉरेस्टचा सामना अखेर झालाच नाही. १ जानेवारी २०२१ ला नोटर डेमचा उपान्त्य सामना कॅलिफोर्नियातील पासाडेनाऐवजी टेक्ससमध्ये झाला. कॅलिफोर्नियात खेळाडूंच्या आईवडिलांनाही मैदानात येऊ देता येत नव्हते, हे त्याचे एक प्रमुख कारण. तेथे अलाबामाने त्यांना ३१–१४ ने हरवले.

हृदयाची गोष्ट

बिग टेन आधी का थांबली होती? डॉक्टरांना हृदयाच्या स्नायूंच्या दाहाची भीती वाटत होती. सप्टेंबर २०२० मध्ये ओहायो स्टेटच्या डॉक्टरांनी कोविडमधून उठलेल्या २६ खेळाडूंच्या हृदयाची चुंबकीय तपासणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी चौघांत अशा दाहाची चिन्हे होती. आकडा लहान, पण धास्ती मोठी. पुढे २०२१ च्या मे महिन्यात बिग टेनच्या १,५९७ खेळाडूंचा अभ्यास आला. त्यात ३७ जणांत, म्हणजे शंभरांत दोनाहून थोड्या अधिक, हा दाह आढळला. बहुतेकांना कसलेही लक्षण जाणवत नव्हते. भीती अतिरंजित होती असे कोणी म्हणेल. पण ती ३७ मुले तपासणीमुळे सापडली. १९२० साली घसा धरलेला खेळाडू मैदानात उतरला. २०२० साली वरवर धडधाकट दिसणाऱ्या खेळाडूलाही हृदय तपासल्याखेरीज उतरू दिले गेले नाही. शंभर वर्षांत काय कमावले, त्याचे हे एक माप.

त्याला दुसरी बाजूही आहे. खेळाडूंची रोज चाचणी होत असताना त्याच देशात सामान्य माणूस एका अहवालासाठी दिवसेंदिवस ताटकळत होता. खेळाडूची काळजी त्याच्या माणूसपणासाठी घेतली गेली की सामना व्हावा म्हणून? प्रामाणिक उत्तर असे की दोन्हींसाठी, आणि कोणते कारण किती, हे प्रत्येक ठिकाणी निराळे होते.

घरी जाणारा संघ

म्हणूनच बोस्टन कॉलेजची हकीकत आम्ही शेवटी ठेवली आहे. येशूसंघीयांनी १८६३ साली स्थापन केलेले हे विद्यापीठही त्या शरद ऋतूत अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये खेळले. खेळाडूंनी स्वतःला इतके काटेकोर जपले की हंगामभर त्यांच्यात लागण जवळजवळ झालीच नाही. पण त्याची किंमत होती. उन्हाळ्यात आवारात आलेली ही मुले डिसेंबरपर्यंत घरी गेली नव्हती. सहा विजय आणि पाच पराभव घेऊन हंगाम संपला तेव्हा मानाच्या अखेरच्या सामन्याचे निमंत्रण त्यांना मिळू शकले असते. संघाने आपसांत विचार केला आणि १० डिसेंबरला जाहीर केले की आम्हांला तो सामना नको. आम्ही नाताळला घरी जातो.

या निर्णयाने कोणताही चषक मिळाला नाही. पण कल्याण म्हणजे केवळ रोग न होणे नव्हे, हे त्या मुलांना कळले होते. आईच्या हातचे जेवण, धाकट्या भावंडांचा गलका, आजीजवळ बसणे यांवाचून शरीर निरोगी राहते, पण माणूस सुकतो. रोमने १ जून २०१८ रोजी खेळाविषयी एक स्वतंत्र दस्तऐवज प्रसिद्ध केला. खेळाडूला साधन म्हणून वापरण्याच्या वृत्तीविषयी त्यात स्पष्ट इशारा आहे. बोस्टनच्या मुलांनी तो वाचला होता की नाही कोण जाणे. त्यांनी तो आचरला.

आमच्याकडेही त्याच हिवाळ्यात इंडियन सुपर लीगचा संपूर्ण हंगाम गोव्यात, फातोर्डा, बांबोळी आणि वास्को या तीन मैदानांवर, प्रेक्षकांविना झाला आणि खेळाडू महिनोन्‌महिने हॉटेलांत कोंडून राहिले. ते व्यावसायिक होते, विद्यार्थी नव्हते; पण एकटेपणाला करार समजत नाही.

अखेरीस

शब्बाथ दिवशी वाळलेल्या हाताच्या माणसाला प्रभूने बरे केले, तेव्हा त्याच्यावर दिवस मोडल्याचा आरोप आला. दिवस मोठा की माणूस, हा वाद इतका जुना आहे. १९१८ साली दिवस लष्कराने ठरवले. १९२० साली गर्दीच्या घोषाने. २०२० साली पैसा, राजकारण, वैद्यक आणि, थोडासा का होईना, खेळाडूचा आवाज यांनी मिळून. या क्रमात आम्हांला प्रगती दिसते, पण ती पूर्ण झाली असे म्हणवत नाही.

साथी पुन्हा येतील. त्या नसतानाही आमच्या पॅरिशच्या उन्हाळी स्पर्धा, शाळांचे क्रीडामहोत्सव आणि परीक्षा यांची वेळापत्रके आखली जातच असतात, आणि तापाने फणफणलेला एखादा मुलगा 'आजच्या दिवस खेळून घे' असे ऐकत असतोच. तारीख लिहिणाऱ्याने लेखणी उचलण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. 'नाही' म्हणणाऱ्या मुलाचे काही बुडणार तर नाही ना? काही विपरीत घडले तर जबाबदारी कोणाची? आणि चुकलेली संधी त्याला पुन्हा मिळेल का? अमेरिकेतील त्या तीन कलमांचा अर्थ इतकाच आहे.

पुनरुत्थानाचा सण ढकलता येत नाही, असे रोमने त्या भयाण मार्चमध्ये सांगितले. जो सण ढकलता येत नाही तो जीवनाचा सण आहे. बाकीचे सारे, सामने, चषक, मिरवणुका आणि आपला मान, ढकलता येते. ढकलावेही.